कल्याणीचा मुदपाकखाना आणि नाताळची हंडी

बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणचे नाव घेतले की मराठी माणसाला प्रथम आठवतात ते महात्मा बसवेश्वर, आणि ते योग्यच आहे. परंतु या गावाला बसवेश्वरांच्याही आधीचा एक वैभवशाली इतिहास आहे. त्या काळी गावाचे नाव नुसते कल्याण किंवा कल्याणी असे होते. चालुक्यवंशीय पहिला सोमेश्वर याने अकराव्या शतकात आपली राजधानी मान्यखेटाहून, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेडहून, येथे आणली. त्याचा मुलगा सहावा विक्रमादित्य याने १०७६ पासून ११२६ पर्यंत, म्हणजे पुरी पन्नास वर्षे, येथून राज्य केले. काश्मीरचा बिल्हण कवी त्याच्याच आश्रयाला आला. हिंदू कायद्याचा आधारस्तंभ मानली गेलेली ‘मिताक्षरा’ ही टीका विज्ञानेश्वराने लिहिली तीही त्याच्याच राज्यात. बापाच्या मागून गादीवर आलेल्या तिसऱ्या सोमेश्वराला तलवारीपेक्षा लेखणी अधिक प्रिय असावी. त्याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा एक अजब ग्रंथ सिद्ध केला. ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हे त्याचे दुसरे नाव. राजाने राज्य कसे मिळवावे, ते कसे टिकवावे आणि मिळालेल्या राज्याचा उपभोग कसा घ्यावा, याचे विवेचन त्यात वीस-वीस अध्यायांच्या पाच विंशतींत, म्हणजे एकूण शंभर अध्यायांत केले आहे.

मराठी भाषेच्या अभ्यासकांना हा ग्रंथ माहीत आहे तो मुख्यतः त्याच्या संगीतविषयक भागात आलेल्या जुन्या मराठी पद्यपंक्तींमुळे. आपल्या भाषेच्या अगदी आरंभीच्या खुणांमध्ये त्यांची गणना होते. परंतु याच ग्रंथाच्या तिसऱ्या विंशतीत ‘अन्नभोग’ नावाचे एक प्रकरण आहे आणि त्याच्याकडे साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष तितकेसे गेलेले नाही. गजानन श्रीगोंदेकर यांनी बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत या ग्रंथाचे संपादन केले. त्याचा दुसरा खंड १९३९ साली प्रसिद्ध झाला व त्यात हा अन्नभोग छापून आला. मराठी गृहिणीला तो कोणी वाचून दाखविला तर तिला पदोपदी ओळखीची नावे भेटतील. मंडक म्हणजे आपले मांडे, पोलिका म्हणजे पोळी, घारिका म्हणजे घारगे, वटक म्हणजे वडे, पूरिका म्हणजे पुरी. इड्डरिका आणि धोसक हे शब्द तर दक्षिणेकडील कोणत्याही उपाहारगृहाच्या पाटीवर थोड्या फरकाने आजही वाचायला मिळतात.

याच प्रकरणात मांसाचे प्रकार आहेत आणि त्यात डुकराच्या मांसाला मानाचे स्थान आहे. हे वाचून आज पुष्कळांच्या भुवया उंचावतील. पण राजा हे सारे संकोचाने सांगत नाही. एखादा कसबी सूपकार शिष्याला धडा द्यावा तसा तो क्रमाक्रमाने सांगतो. प्रथम केस काढण्याची रीत. ती दोन प्रकारची आहे. जनावरावर पांढरे वस्त्र पसरावे, त्यावर उकळते पाणी ओतीत राहावे, केस हाताने उपटण्याजोगे सैल झाले की ते काढावेत आणि उरलेसुरले सुरीने खरवडावेत. किंवा अंगाला चिखल लिंपून गवताच्या जाळावर केस जाळून टाकावेत. अशा रीतीने स्वच्छ केलेले डुकर विस्तवावर भाजावे, धुवावे आणि मग त्याचे तुकडे करावेत. या तुकड्यांचे निरनिराळे पदार्थ होतात. एका प्रकारात मांसाच्या ताडाच्या पानासारख्या पातळ, लांबट पट्ट्या कापतात. दुसऱ्या एका कृतीत काळजाचे सुपारीएवढे तुकडे निखाऱ्यावर भाजून, मसाला लावून ते दह्यात किंवा मोहरीच्या पाण्यात घालतात. हिंग, मिरे, आले, मोहरी, सैंधव ही त्या मुदपाकखान्यातील नित्याची सामग्री. लाल मिरचीचा तेथे पत्ताही नाही, कारण ती या देशात यायला अजून चारशे वर्षे अवकाश होता.

या वर्णनात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की मांस एकदाच विस्तवाला दाखवून काम भागत नाही. आधी भाजणे, नंतर कापणे, मग आंबट आणि मसालेदार द्रव्यात मुरवणे किंवा शिजवणे, असा तो टप्प्याटप्प्याचा व्यवहार आहे. आग, आंबटपणा, मीठ आणि वेळ या चार गोष्टी जमल्या म्हणजे निबर मांस मऊ होते, हे ज्ञान कल्याणीच्या आचाऱ्यांना पुरेपूर होते. केस काढण्याच्या त्या दोन्ही रीती तर गवताचा जाळ आणि उकळते पाणी यांच्या रूपाने खेड्यापाड्यांतून अजून चालू आहेत. शहरी खाटकाच्या हाती गवताऐवजी स्टोव्हसारखी ज्योत फेकणारे साधन आले, एवढाच काय तो फरक.

येथे इतिहासाची एक गंमत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. चालुक्यांचे राजचिन्ह होते वराह. त्यांच्या ताम्रपटांवर आणि नाण्यांवर पृथ्वी उचलून धरणाऱ्या या अवताराची मुद्रा असे. दक्षिणेत होन नावाने ओळखल्या जाणाऱ्या सोन्याच्या नाण्याला पुढे ‘वराह’ हे नावही रूढ झाले. ज्या राजाच्या ध्वजावर वराह, त्याच्याच ताटात वराह, आणि यात कोणाला विसंगती वाटत नव्हती. कानडीत डुकराला ‘हंदि’ म्हणतात आणि मराठीत शिजवण्याच्या भांड्याला ‘हंडी’. सीमाभागातील दुभाषी माणसाला या दोन शब्दांवरून विनोद सुचला नसेल तरच नवल!

परंतु ज्या गावात हा ग्रंथ लिहिला गेला, त्याच गावात जेमतेम तीस-चाळीस वर्षांत वारे फिरले. तसे पाहिले तर अहिंसेचा उपदेश या प्रदेशाला नवा नव्हता. मळखेडच्या राष्ट्रकूट दरबारात जैन पंडितांचे वर्चस्व होते. तेथेच दहाव्या शतकात पुष्पदंताने अपभ्रंश भाषेत यशोधराची कथा रचली. नुसत्या पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला तरी हिंसेचे पाप जन्मोजन्मी भोगावे लागते, हा त्या कथेचा गाभा. या ग्रंथाचे संपादन डॉ. प. ल. वैद्य या मराठी पंडितांनी केले आहे. पण जैनांचा उपदेश बव्हंशी राजसभेत आणि व्यापारी पेठेत घुमला. बसवेश्वरांचे तसे नव्हते. कलचुरी बिज्जलाच्या कारकीर्दीत त्यांनी कल्याणात जे शरणांचे मंडळ जमविले, त्यात चांभार, ढोर, मांग, न्हावी, नावाडी अशा सर्व थरांतील माणसे होती. हरळय्या नावाच्या चर्मकार शरणाच्या मुलाचा विवाह मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या मुलीशी झाला, त्यापायी दोघांना देहान्त शिक्षा झाली आणि ११६७ च्या सुमारास कल्याणात रक्तपात माजला, असे परंपरा सांगते.

या शरणांनी जन्माची उच्चनीचता नाकारली आणि त्याबरोबर मद्यमांसही नाकारले. त्या काळच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती. शुद्धता ही ब्राह्मणाच्या जन्माची मिरास नसून आचरणाने कोणालाही मिळवता येते, असा तिचा अर्थ होता. पण प्रत्येक सुधारणेची एक सावली असते. ज्यांनी मांस सोडले त्यांना प्रतिष्ठेची वाट खुली झाली, आणि ज्यांना ते सोडणे परवडण्याजोगे नव्हते, त्यांच्या माथ्यावरील कलंक अधिकच गडद झाला. शतकभरापूर्वी राजाच्या ताटात असलेले मांस आता गावकुसाबाहेरची खूण बनू लागले. यात बसवेश्वरांचा दोष काढणे अन्यायाचे होईल. परंतु घडले ते असे.

१३४७ मध्ये गुलबर्ग्यास बहमनी सत्ता स्थापन झाली आणि पुढे पंधराव्या शतकाच्या पहिल्या अर्धात तिची राजधानी बिदरला गेली. राज्यकर्त्यांच्या धर्माने डुकर निषिद्ध, तेव्हा दरबारी पाकशास्त्रातून ते गेले. मंद आचेची विद्या मात्र गेली नाही. उलट तिला नवे रूप मिळाले. कणकेने तोंड लिंपलेली देग, तिच्या झाकणावर निखारे, रात्रभर रटरटत राहणारी नहारी, गहू आणि मांस एकजीव होईतो घोटलेले हलीम, हे सारे दख्खनच्या मुसलमानी स्वयंपाकघराचे वैभव आहे. हलीमचे मूळ अरबांच्या हरीसमध्ये आहे आणि निजामाच्या फौजेतील हद्रमौती अरबांनी, ज्यांना आपल्याकडे चाऊस म्हणतात, ते हैदराबादेत रुजविले. रमजानचा उपास सोडताना हलीम तयार हवे, तर त्याची देग दिवसभर चुलीवर राहिली पाहिजे. उपाशी माणसाने दिवसभर चुलीपाशी बसून चव घेत राहावे, हे शक्य नाही. म्हणून आच मंद ठेवायची आणि काळावर विसंबून राहायचे.

मंद आचेच्या या युक्तीचा सणाशी असा निकटचा संबंध आहे. सण म्हणजे देवाचे काम, आणि देवाच्या कामात गुंतलेल्या माणसाला चुलीशी राबायला वेळ नसतो. यहुदी लोकांचा शब्बाथ घ्या. शुक्रवारी सूर्यास्तानंतर विस्तव पेटवायचा नाही, तरी शनिवारी दुपारी गरम जेवण हवे. तेव्हा मांस, कडधान्य आणि कंद यांचे भांडे शुक्रवारीच मंद भट्टीत ठेवायचे. पूर्व युरोपात या पदार्थाला चोलंट म्हणतात, स्पेनमध्ये अदाफिना म्हणत. कोकणातील मराठीभाषी बेने इस्रायल शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ ठरले, ती शब्बाथाचीच एक खूण.

याच शब्बाथाच्या भांड्याने स्पेनमध्ये माणसांचे प्राण घेतले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तेथे इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय सुरू झाले. ख्रिस्ती झालेला यहुदी गुप्तपणे जुना धर्म पाळतो की काय, हे शोधून काढण्याच्या ज्या खुणा जाहीर करण्यात आल्या, त्यांत शुक्रवारी चढवलेले आणि शनिवारी उघडलेले भांडे ही एक होती. डुकर न खाणे ही दुसरी. शेजाऱ्याने धुराड्याकडे नजर ठेवायची आणि नाकाने वास घ्यायचा. ज्याच्या घरी डुकराची चरबी कढत असेल तो निष्ठावंत, ज्याच्या घरी नसेल तो संशयित. हे न्यायालय १५६० मध्ये गोव्यात आले आणि मधली चारएक वर्षे सोडता १८१२ पर्यंत टिकले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी ज्याचा घरोबा होता आणि हिंदुस्थानच्या औषधी वनस्पतींवर ज्याने १५६३ मध्ये गोव्यात ग्रंथ छापला, तो गार्सिया द ओर्ता हा वैद्य मुळचा यहुदी कुळातला. त्याची बहीण कातारिना हिला १५६९ मध्ये जिवंत जाळले. तो स्वतः मरून बारा वर्षे झाल्यावर, १५८० मध्ये, त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. अन्नाची निवड ही जेथे जीवनमरणाची साक्ष ठरते, तेथे घास चवीने खाल्ला जातो की भीतीने, हे ठरवणे अवघड आहे. ख्रिस्ती लेखकांनी हा भाग झाकून ठेवण्याचे कारण नाही, आणि इतरांनी तेवढाच भाग सांगत बसण्याचेही कारण नाही.

कारण भीतीचा काळ सरला आणि चव मागे राहिली. पोर्तुगीज खलाशी दीर्घ प्रवासात मांस टिकावे म्हणून ते द्राक्षाच्या मद्यात किंवा शिरक्यात लसणीसह मुरवीत. ‘विन्या दाल्योश’ हे त्याचे नाव. पहिल्या शब्दाचा संबंध मद्याशी, दुसऱ्याचा लसणीशी. गोव्यात द्राक्षे नव्हती, माड होते. माडाच्या सुराचा शिरका झाला. अमेरिकेहून पोर्तुगिजांनीच आणलेली मिरची आली, येथले जिरे, मिरे, दालचिनी आली, आणि त्याचे झाले विंदालू. वसईकडील व मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत त्यालाच इंदियाल म्हणतात. उत्तरेकडील खानावळींनी या नावातील शेवटची दोन अक्षरे ऐकून त्यात बटाटे घातले, तो भाषाशास्त्राचा एक खमंग अपघात होय. आपला ‘नाताळ’ हा शब्दही पोर्तुगिजांचाच.

या पदार्थाचे भाग्य असे की तो जेथे जेथे गेला तेथे नाताळचा पदार्थ झाला. पोर्तुगालच्या ताब्यातील मदेरा बेटावर आजही नाताळच्या सकाळी हेच मुरवलेले मांस खातात. १८३५ पासून मदेराचे मजूर दक्षिण अमेरिकेतील ब्रिटिश गयानात उसाच्या मळ्यांवर गेले. त्यांच्यामागून तीनच वर्षांनी हिंदी मजूर तेथे पोचले. त्या देशात ‘गार्लिक पोर्क’ या नावाने नाताळला तो आजही होतो. गोव्यात व वसईत त्याच्या जोडीला सोरपोतेल असते. काळीज आणि मांस बारीक चिरून, शिरका घालून शिजवलेला हा पदार्थ करतात सणाआधी दोन-तीन दिवस, आणि रोज एकदा मंद आचेवर गरम करीत गेले की तो दिवसेंदिवस रुचकर होतो. घाई करणाऱ्याच्या हाती त्याची खरी चव लागत नाही.

बिदर-कलबुर्गीच्या पठारावर हा किनाऱ्यावरचा पदार्थ कसा चढला? एक वाट जुनी आहे. रायचूरकडील मुदगल येथे आदिलशाहीच्या काळापासून कॅथलिक ख्रिस्ती वस्ती आहे आणि तिचे पालनपोषण गोव्याकडून आलेल्या धर्मगुरूंनी केले. पण खरी वाट घातली ती आगगाडीने. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग सोलापूर, गुलबर्गा, वाडी असा उतरत १८७१ मध्ये रायचूरला मद्रासच्या रेल्वेला मिळाला. तीन वर्षांनी निजामाच्या राज्यातील रेल्वे वाडीपासून सिकंदराबादेकडे निघाली आणि वाडी हे जंक्शन झाले. अशा जंक्शनांवर ड्रायव्हर, गार्ड, फोरमन या जागांवर अँग्लो-इंडियन आणि गोमंतकीय माणसे असत. रेल्वेच्या वसाहतीत त्यांची स्वयंपाकघरे थाटली जात. रात्रपाळीचा माणूस कधी परतेल याचा नेम नसे. अशा घरात पुन्हा पुन्हा गरम केल्याने न बिघडणारे, उलट सुधारणारे कालवण अत्यंत सोयीचे. शिरक्यातले मांस रेल्वेच्या वसाहतींतून देशभर पसरले ते उगाच नव्हे.

याच परिसरात शहाबादची फरशी निघते. फरशीच्या खाणीत, रुळांच्या भरावावर, विहिरी-तलावांच्या खोदकामावर दगडमाती उपसणारा हात पुष्कळदा वडाराचा असे. वडार, कैकाडी, मांग यांच्या वस्तीवर डुकरे पाळणे आणि खाणे कधीच थांबले नव्हते. कल्याणीच्या राजाने ज्या रीती संस्कृत श्लोकांत बांधल्या, त्या या लोकांनी श्लोकांवाचून जतन केल्या. पण त्याबद्दल त्यांना मिळाले काय? सय्यद सिराज-उल-हसन यांनी १९२० मध्ये निजामाच्या राज्यातील जातिजमातींचे जे जाडजूड वर्णन प्रसिद्ध केले, त्यात प्रत्येक जातीचा सामाजिक दर्जा सांगताना ती काय खाते आणि कोणाच्या हातचे खाते याची नोंद आहे. डुकर खातात एवढे म्हटले की पायरी ठरली! गुन्हेगार जमाती कायद्याखाली तर कैकाड्यांसारख्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारण्यात आला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का मात्र लोकांच्या मनांतून तितक्या लवकर पुसला गेला नाही. एकाच जंक्शनच्या दोन अंगांना एकच मांस शिजत होते. एका अंगाला त्याला साहेबी खाणे म्हणत, दुसऱ्या अंगाला त्यावरून माणसाला शिवू नये असे म्हणत. मांस तेच, आच तीच, मान मात्र शिजवणाऱ्याच्या जातीवर आणि पगारावर ठरत होता.

शेजारच्या मराठवाड्यातील महार-मांगांच्या आहाराची कहाणी शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ मधील पुस्तकात सांगितली आहे. तेल-मसाला जेथे सणासुदीलाच मिळे, तेथे वाट्याला आलेल्या मांसाचा कोणताही भाग वाया न घालविता तो खाण्याजोगा कसा केला जाई, हे त्यात वाचावे. पाकशास्त्राच्या पुस्तकांत ज्यांच्या चुलीला जागा मिळाली नाही, त्यांच्याकडेच मांस शिजवण्याचे सर्वांत बारीक ज्ञान होते, ही गोष्ट मराठी वाचकाने ऐकायला फार उशीर केला.

या दोन्ही जिल्ह्यांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मेथॉडिस्ट मिशनचे काम सुरू झाले आणि गावोगावच्या दलित वस्त्यांतील पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर महाराष्ट्राच्या बाजूला आले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्राकडे गेले, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण कर्नाटकात राहिले. नातेसंबंध मात्र सीमेवर थांबले नाहीत. कॅथलिकांसाठी २००५ मध्ये गुलबर्ग्याचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. शहराचे नाव २०१४ मध्ये कलबुर्गी झाले. येथील सगळेच ख्रिस्ती नाताळला डुकर रांधतात, असे कोणी समजू नये. अनेक घरांत बकऱ्याचा पुलाव किंवा कोंबडीच असते. आणि त्यामागे नुसती आवड नसते. ज्या मांसावरून आजोबांना पाणवठ्यावर अडवले गेले, ते मांस सणाच्या दिवशी, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत, पंगतीत वाढावे की नाही, हा प्रश्न नातवाच्या मनात उभा राहतो. कोणी ते मुद्दाम टाळतो, कोणी मुद्दाम वाढतो. दोघांनाही नावे ठेवण्याचा अधिकार तिसऱ्याला नाही.

जी घरे नाताळला हे मांस करतात, त्यांच्यापैकी काहींच्या ओट्यावर आता विजेवर चालणारे स्लो कुकर दिसू लागले आहे. त्याचा जन्मही मोठा मौजेचा आहे. अमेरिकेतील आयर्विंग नॅक्सन या यहुदी संशोधकाने आपल्या आईच्या तोंडून लिथुएनियातील शब्बाथच्या चोलंटची हकीकत ऐकली. शुक्रवारी भांडे बेकरीच्या निवत जाणाऱ्या भट्टीत ठेवायचे आणि शब्बाथ संपताना काढायचे. ती भट्टी घरातल्या घरात करता येईल काय, या विचारातून त्याने केलेल्या उपकरणाला १९४० मध्ये पेटंट मिळाले. १९७० मध्ये एका कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि पुढच्या वर्षी ‘क्रॉक-पॉट’ या नावाने ते बाजारात आणले. ज्या शब्बाथच्या भांड्यावरून स्पेनमध्ये माणसे पकडली गेली, त्याच भांड्याच्या वंशजात आज निःशंकपणे डुकराचे मांस शिजते. यहुदी आजीबाईला हे कळले असते तर तिने कपाळावर हात मारला असता, हे निश्चित.

या भांड्यात जे घडते ते कल्याणीच्या निखाऱ्यावर घडत होते त्याहून निराळे नाही. खांद्याचे मांस यासाठी उत्तम. राबणाऱ्या स्नायूत चिवट तंतू अधिक असतात, आणि चरबीही असते. हे तंतू ७० अंश सेल्सिअसच्या वर तासन् तास राहिले म्हणजे हळूहळू विरघळून त्यांचा चिकट, मऊ रस होतो. जाळ मोठा केला तर मांस आक्रसते, पाणी सोडते आणि तंतू विरघळण्याआधीच कोरडे पडते. म्हणून दीड-दोन किलोच्या खांद्याला आदल्या दिवशी मीठ, लसूण, मिरे, भिजवून वाटलेली मिरची आणि शिरका चोळून थंड जागी ठेवावे. दुसऱ्या दिवशी तव्यावर चारी अंगांनी तांबूस करून घ्यावे, कारण बंद भांड्यातल्या ओलाव्यात मांसाला भाजलेला रंग येत नाही. तळाशी कांद्याच्या जाड चकत्या अंथरून वर मांस ठेवावे, मुरवणाचे पाणी ओतावे, झाकण लावावे आणि मंद आचेवर आठ तास त्याकडे पाहू नये. झाकण उचलून डोकावण्याचा मोह हा या पाकक्रियेचा मोठा शत्रू. दर खेपेला जमलेली उष्णता निघून जाते. ज्या घरी हे यंत्र नाही, तेथे जाड बुडाचे पातेले, घट्ट झाकण आणि शेगडीतील राखेने झाकलेले निखारे तेच काम करतात. मात्र मांस आतपर्यंत शिजलेच पाहिजे. डुकराच्या अर्ध्याकच्च्या मांसातून पट्टकृमीचे बीज पोटात जाते. मोकाट, उकिरड्यावर वाढलेल्या जनावराच्या मांसात हे भय अधिक. शिजवणीने ते पुरते नष्ट होते. २०२० पासून भारतात आफ्रिकन स्वाइन फीव्हरने डुकरांचे कळप नासवले. तो रोग माणसाला होत नाही, पण पाळणाऱ्या गरिबाचे भांडवल मात्र एका आठवड्यात जाते. तेव्हा डिसेंबरात गिऱ्हाईक खात्रीचा पाळणारा शोधीत फिरते ते साहजिक आहे.

२४ डिसेंबरच्या संध्याकाळी भांडे लावले की घरातील बायकांना पहिल्यांदाच, पुरुषांबरोबरच, नवी साडी नेसून मध्यरात्रीच्या मिस्साला निवांतपणे जाता येते. पूर्वी एकीला तरी चुलीपाशी मागे राहावे लागे, आणि ती कोण हे बहुधा ठरलेलेच असे. परत येईतो उत्तररात्र होते. झाकण काढल्यावर मांस काट्याने नुसते स्पर्शले तरी सुटते. खाली राहिलेला रस गाळून, वरची चरबी काढून, तो पुन्हा आटवतात आणि पावाबरोबर किंवा, सीमाभागाच्या रिवाजाप्रमाणे, ज्वारीच्या पातळ भाकरीबरोबर खातात. उरलेल्या मांसाचे धागे करून त्यात थोडा अधिक शिरका आणि मिरची घातली की नाताळच्या दुसऱ्या दिवसाचे विंदालू तयार होते.